नक्कल जिथे फसली

१९६४ साली इटलीत एक काउबॉयपट लागला. इंग्रजीत तो पुढे 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' म्हणून ओळखला गेला. त्याची श्रेयनामावली वाचणाऱ्या कुणालाही वाटावे, की हा माल थेट अमेरिकेहून उतरला आहे. दिग्दर्शक बॉब रॉबर्टसन, खलनायक जॉन वेल्स, संगीतकार डॅन साव्हिओ, छायाचित्रकार जॅक डालमास. यातला एकही माणूस अमेरिकन नव्हता. बॉब रॉबर्टसन म्हणजे रोमचा सेर्जिओ लिओने. त्याचे वडील मूकपटांच्या जमान्यात रोबेर्तो रोबेर्ती या नावाने चित्रपट दिग्दर्शित करत, म्हणून मुलाने 'रॉबर्टसन' हे नाव घेतले. जॉन वेल्स म्हणजे रंगभूमीवरून आलेला नट जान मारिया व्होलोन्ते, डॅन साव्हिओ म्हणजे एन्यो मोरिकोने आणि जॅक डालमास म्हणजे मासिमो दाल्लामानो. मेक्सिकोच्या सीमेवरचे म्हणून जे गाव दिसते ते माद्रिदजवळ उभारलेले होते आणि वाळवंट स्पेनच्या आल्मेरिया प्रांतातले होते. पैसा इटली, जर्मनी आणि स्पेन अशा तीन देशांचा, आणि कथा अकिरा कुरोसावाच्या 'योजिम्बो'तून न विचारता उचललेली. नायक तेवढा खरा अमेरिकन होता. 'रॉहाइड' या टीव्ही मालिकेतून आलेल्या क्लिंट ईस्टवूडने पंधरा हजार डॉलरांत हे काम पत्करले होते.

इतक्या खोट्या पायावर उभ्या राहिलेल्या या सिनेमाचे पुढे जे झाले ते चक्रावणारे आहे. १९६७ मध्ये तो अमेरिकेत लागला आणि थोड्याच वर्षांत अमेरिकेचे काउबॉयपट त्याच्यासारखे दिसू लागले. दाढीचे खुंट वाढवलेला, कमी बोलणारा, पैशासाठी बंदूक चालवणारा नायक हॉलिवूडने आपलासा केला. नक्कल करणाऱ्याचीच नक्कल मूळ मालक करू लागला. हे कसे झाले, याचे उत्तर सहसा दोन प्रकारे दिले जाते. लिओने प्रतिभावंत होता, हे पहिले. हे सगळे सवंग मारधाडपटच होते, पुढच्या पिढीने त्यांना उगाच डोक्यावर घेतले, हे दुसरे. दोन्हींत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. साठ-सत्तरच्या दशकांतला इटलीचा गल्लाभरू सिनेमा नीट पाहिला तर वेगळीच गोष्ट ध्यानात येते. या लोकांनी मनापासून नक्कल करायचा प्रयत्न केला, आणि ज्या ज्या जागी ती जमली नाही, नेमक्या त्या जागी त्यांना स्वतःचे काहीतरी सापडले. नकलेतल्या उणिवा हीच या सिनेमाची शैली झाली.

त्यासाठी आधी तो धंदा समजून घ्यायला हवा. मुसोलिनीच्या राजवटीत, १९३७ साली, रोमच्या वेशीवर चिनेचित्ता हा भव्य स्टुडिओ उभा राहिला. युद्धानंतर हॉलिवूडच्या कंपन्या तिथे 'क्वो वादिस', 'बेन-हर', 'क्लिओपात्रा' असे अवाढव्य चित्रपट करायला आल्या. त्यांच्या हाताखाली सुतार, रंगारी, घोडेस्वार, छायाचित्रकार आणि सहायक दिग्दर्शक यांची एक पिढी तयार झाली. दुसरीकडे प्रेक्षक होता, आणि तो प्रचंड होता. १९५५ साली इटलीत सुमारे ८२ कोटी तिकिटे विकली गेली. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या आत होती, म्हणजे तान्ह्या बाळांसकट दरडोई सोळा-सतरा तिकिटे. मोठ्या शहरांतल्या पहिल्या दर्जाच्या थिएटरांत सिनेमा आधी लागे, मग दुसऱ्या दर्जाच्या, आणि शेवटी वस्त्यांतल्या व खेड्यांतल्या तिसऱ्या दर्जाच्या थिएटरांत. या शेवटच्या थिएटरांना रोज नवे काही लागे. निर्माते वितरकांकडून मिनिमम गॅरंटी घ्यायचे, परदेशातले हक्क आधीच विकायचे आणि त्या पैशांतून चित्रपट पुरा करायचे. त्यामुळे जे कालपर्यंत चालले, तसेच आणखी हवे, ही मागणी धंद्याच्या मुळाशीच होती.

या पद्धतीला इटालियन भाषेत 'फिलोने' म्हणतात. खाणीत खनिजाची जी लांबट शीर लागते, तिचे हे नाव. एकाला शीर लागली की सगळे कुदळी घेऊन तिथेच धावतात आणि ती संपेपर्यंत खणतात. १९५८ साली अमेरिकन शरीरसौष्ठवपटू स्टीव्ह रीव्हज हर्क्युलिस म्हणून पडद्यावर आला आणि सहा-सात वर्षे इटलीत पिळदार दंडांचे पौराणिकपट ओसंडून वाहिले. ती शीर आटत आली तेव्हा काउबॉयपटांची लागली. जर्मनांनी कार्ल माय यांच्या कादंबऱ्यांवरचे पट युगोस्लाव्हियाच्या डोंगरांत चित्रित करून युरोपातही वेस्टर्न बनू शकतो आणि खपतो, हे १९६२ पासून दाखवून दिलेच होते. 'फिस्टफुल' चालल्यावर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत इटलीने असे सुमारे पाचशे काउबॉयपट काढले. बाहेरच्यांनी हेटाळणीने त्यांना 'स्पॅगेटी वेस्टर्न' म्हटले, जपान्यांनी 'मॅकरोनी वेस्टर्न'.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव कच्च्या फिल्मची. रुंद पडद्याचा अमेरिकन थाट तर हवा, पण त्याची खास भिंगे आणि फिल्म यांचा खर्च परवडत नव्हता. टेक्निकलरच्या रोममधल्या शाखेने यावर टेक्निस्कोप नावाची युक्ती काढली. एरवी सिनेमाची एक चौकट फिल्मच्या कडेच्या चार छिद्रांएवढी उंच असते. टेक्निस्कोपमध्ये ती दोनच छिद्रांएवढी घ्यायची. चौकट आपोआप रुंद होते आणि तेवढ्याच फिल्मवर दुप्पट वेळ चित्रण होते. हा उघड काटकसरीचा मामला होता. पण त्याचा एक अनपेक्षित फायदा झाला. रुंद पडद्यासाठी तेव्हा वापरली जाणारी भिंगे अगदी जवळच्या वस्तूवर धड स्थिरावत नसत. टेक्निस्कोपला साधी भिंगे चालत, त्यामुळे कॅमेरा चेहऱ्याला जवळजवळ चिकटवता येई आणि मागचे क्षितिजही स्पष्ट राही. लिओनेचे जगप्रसिद्ध क्लोजअप, म्हणजे पडदाभर पसरलेले दोन डोळे, घामाचा थेंब, मिशीवरची धूळ, आणि लगेच मैलभर पसरलेला माळ, यांचे मूळ अशा तांत्रिक काटकसरीत आहे. जॉन फोर्डच्या वेस्टर्नमध्ये निसर्ग माणसाला कवेत घेतो. इथे माणसाचा चेहराच भूप्रदेश झाला, सुरकुत्यांच्या घळी असलेला. स्पेनकडे अमेरिकेची मॉन्युमेंट व्हॅली नव्हती, ती उणीव या चेहऱ्यांनी भरून काढली.

दुसरी उणीव आवाजाची. इटलीत चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण करण्याची रीत नव्हती. सगळे आवाज मागाहून डबिंगने भरायचे. शिवाय तीन देशांच्या भागीदारीमुळे सेटवर ईस्टवूड इंग्रजीत बोले, व्होलोन्ते इटालियनमध्ये आणि बाकीचे ज्याला जी येईल त्या भाषेत. अशा गोंधळात संवादांच्या बळावर दृश्य उभे करणे म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणे. मग संवाद कापले गेले. ईस्टवूडनेही आपली वाक्ये कमी करायचा आग्रह धरला होता. बोलणे गेले तशी जी पोकळी राहिली ती आवाज आणि संगीताने भरायची जबाबदारी मोरिकोनेवर आली. तो लिओनेचा शाळेतला वर्गबंधू. सांता चेचिलिया संगीतशाळेत रीतसर शिकलेला, पॉप गाण्यांची संयोजने करून पोट भरणारा आणि उरलेल्या वेळात प्रयोगशील संगीतकारांच्या टोळीत रमणारा. हॉलिवूडच्या वेस्टर्नला शोभेसा शंभर वाद्यांचा ताफा मिळणे शक्य नव्हते. त्याने आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनीची शीळ घेतली, इलेक्ट्रिक गिटार घेतली, चाबकाचा फटकारा, घंटा, माणसांच्या आरोळ्या आणि पुढे एद्दा देल'ओर्सोचा शब्दांविना गाणारा आवाज घेतला. यात मेक्सिकोही नाही आणि टेक्सासही नाही, तरी ऐकताच वाळवंट डोळ्यांसमोर येते, हीच त्याची किमया.

आवाज मागाहून भरायचा तर तो हवा तसा भरता येतो, हेही या मंडळींना उमगले. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' (१९६८) या चित्रपटाची सुरुवात आठवावी. रेल्वे स्टेशनवर तीन मारेकरी गाडीची वाट पाहतात. कितीतरी मिनिटे कुणी बोलत नाही, संगीतही नाही. ऐकू येते ती पवनचक्कीची करकर, टोपीवर टपकणारे पाणी आणि बंदुकीच्या नळीत अडकलेल्या माशीची गुणगुण. नैसर्गिक वाटणारा हा आवाज खरे तर एकेक करून रचलेला आहे, एखाद्या वाद्यमेळाच्या रचनेसारखा. याच चित्रपटाचे संगीत आधी तयार करून सेटवर वाजवले गेले आणि नट त्याच्या लयीत चालले. हॉलिवूडमध्ये चित्र आधी आणि संगीत नंतर, हा क्रम पक्का होता. सेटवर ध्वनिमुद्रण होत असते तर तो इथेही मोडता आला नसता. जे यंत्र नव्हते, त्याच्या नसण्यातून ही मोकळीक आली.

तिसरी उणीव सर्वांत खोल आहे, ती श्रद्धेची. अमेरिकन वेस्टर्नला एक धर्मकथा सांगायची असते. रानटी माळावर कायदा येतो, चर्च आणि शाळा येते, सभ्य माणूस जिंकतो. ही कथा रोमच्या माणसाला मनापासून सांगता येणे अवघड होते. लिओनेचा जन्म १९२९ चा. त्याने पाहिलेला 'कायदा' काळ्या शर्टांतल्या फासिस्टांचा होता, आणि 'सभ्यता आणणारे' सैन्य त्याच्या शहरात १९४४ साली शिरले तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. पोशाख, घोडे, बंदुका सगळे उसने आणता आले, पण विश्वास उसना मिळत नाही. त्यामुळे त्याच्या चित्रपटांतले शेरीफ विकाऊ किंवा भेदरलेले आहेत, गावे मेलेली आहेत आणि धंदा तेजीत आहे तो शवपेट्या बनवणाऱ्याचा. 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' (१९६६) मध्ये अमेरिकेचे यादवी युद्ध एका फडतूस पुलासाठी रोज माणसे मारणारा मूर्खपणा म्हणून येते. त्याच वर्षी सेर्जिओ कोर्बुचीच्या 'जँगो'त नायक घोड्यावरून ऐटीत येत नाही, चिखलातून शवपेटी ओढत येतो. अमेरिकेचा गणवेश घालून युरोप आपलेच विसावे शतक पडद्यावर मांडत होता.

ही अश्रद्धा लवकरच राजकारणापर्यंत पोचली. 'बॅटल ऑफ अल्जीयर्स' लिहिणाऱ्या फ्रांको सोलिनासचा हात दामिआनो दामिआनीच्या 'अ बुलेट फॉर द जनरल' (१९६६) या काउबॉयपटालाही लागलेला आहे. त्यात मेक्सिकन दरोडेखोरांच्या टोळीत एक गोरागोमटा, नीटनेटका अमेरिकन शिरतो, तो क्रांतीच्या सेनापतीचा खून करण्यासाठी. शेवटी त्याच्यामुळे श्रीमंत होऊ घातलेला अडाणी दरोडेखोर त्यालाच गोळी घालतो आणि एका गरिबाला सांगतो, या पैशांची भाकरी घेऊ नकोस, डायनामाइट घे. व्हिएतनामच्या दिवसांत हे कुणाला उद्देशून आहे, ते पिटातल्या प्रेक्षकालाही समजावून सांगावे लागत नव्हते. कोर्बुचीचा 'द ग्रेट सायलेन्स' (१९६८) आणखी पुढे गेला. वाळूऐवजी बर्फ, नायक मुका, आणि शेवटी तोच मारला जातो. मारणारे कायद्याने दिलेल्या इनामावर जगणारे, म्हणजे कागदोपत्री निर्दोष. काही देशांसाठी गोड शेवटही चित्रित करून ठेवला होता, पण आज लक्षात राहिला तो कडूच.

उणिवेतून शैली घडते हा नियम काउबॉयपटांपुरता नाही, हे इतर फिलोने पाहिल्यावर पटते. मारिओ बाव्हाला 'प्लॅनेट ऑफ द व्हँपायर्स'साठी (१९६५) परग्रह उभा करायचा होता. आपल्याकडे पौराणिकपटातून उरलेले दोन प्लॅस्टिकचे खडक तेवढे होते, असे तो सांगत असे. त्याने ते आरशांच्या करामतीने अनेक केले आणि उरलेला ग्रह धूर व रंगीत प्रकाशाने भरून काढला. जी भीती त्यातून तयार झाली ती महागड्या सेटने झाली नसती, कारण तिथे नेमके काय आहे हेच दिसत नाही. रहस्यपटांचे नाव 'जाल्लो', म्हणजे पिवळा. मोंदादोरी ही प्रकाशनसंस्था १९२९ पासून रहस्यकादंबऱ्या पिवळ्या मुखपृष्ठांत काढत असे, त्यावरून हे आले. मराठीत 'पिवळे पुस्तक' म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येते त्याचा इथे संबंध नाही, रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकरांचा वाचक या पुस्तकांच्या वाचकाचा जवळचा नातेवाईक ठरेल. इंग्रजी-अमेरिकन रहस्यकथेची मदार तर्कावर असते, आणि जाल्लोंचा तर्क बहुधा लंगडा. पण दारिओ अर्जेंतोच्या 'द बर्ड विथ द क्रिस्टल प्लुमेज'मध्ये (१९७०) नायक दोन काचेच्या दारांमध्ये अडकतो आणि समोर चाललेला हल्ला नुसता बघत राहतो. त्याला आत जाता येत नाही, बाहेर पडता येत नाही. पुढचा सगळा चित्रपट एका प्रश्नावर चालतो: मी जे पाहिले ते मी नीट पाहिले का? खुनी कोण, यापेक्षा हा प्रश्न जास्त छळतो.

पोलिसपटांचेही तेच. अमेरिकन पडद्यावरचा दांडगा पोलीस कायदा मोडून का होईना, गुन्हेगाराला गाठतो. इटलीत १२ डिसेंबर १९६९ रोजी मिलानच्या पियाझ्झा फोंताना चौकातल्या बँकेत बॉम्ब फुटला, सतरा माणसे गेली, आणि तपास जसजसा लांबला तसतसा लोकांचा संशय सरकारी यंत्रणेतल्याच काहींवर गेला. अशा देशात शेवटी न्याय होतो हे कोण मानणार? म्हणून 'ला पोलित्सिया रिंग्रात्सिया' (१९७२) या चित्रपटात पोलीस अधिकाऱ्याला कळते, की गुंडांना परस्पर संपवणारी टोळी आपल्याच खात्यातल्या जुन्या माणसांची आहे, आणि हे कळल्याची किंमत त्याला जीव देऊन मोजावी लागते. ही भूमिका करणारा एन्रिको मारिया सालेर्नो म्हणजे 'फिस्टफुल'मध्ये ईस्टवूडला इटालियन आवाज देणारा नट. आठ वर्षांपूर्वी ज्या आवाजाने सगळ्या गावाला नाचवले, तोच आता व्यवस्थेपुढे हरत होता.

यावर पहिला आक्षेप चोरीचा. तो खोटा नाही. कुरोसावा आणि तोहो कंपनीने दावा लावला आणि त्यांना 'फिस्टफुल'च्या जगभरच्या उत्पन्नाचा पंधरा टक्के वाटा, शिवाय जपान, तैवान आणि दक्षिण कोरियातले वितरणाचे हक्क मिळाले. हे योग्यच झाले. लिओनेच्या बाजूने तेव्हा अठराव्या शतकातल्या गोल्दोनीच्या 'दोन मालकांचा नोकर' या नाटकाची ढाल पुढे केली गेली. ती कायद्याच्या दृष्टीने पांगळी होती. पण चोरी सिद्ध झाली म्हणून प्रश्न संपत नाही. 'योजिम्बो'त गावात एकाच गुंडाकडे पिस्तूल आहे आणि नायकाकडे तलवार, त्यामुळे शेवटच्या झुंजीत ताण आहे. काउबॉयपटात प्रत्येकाच्याच कमरेला बंदूक, तेव्हा तो प्रसंग जसाच्या तसा उचलणे शक्य नव्हते. लिओनेला पिस्तूल विरुद्ध रायफल असा पेच रचावा लागला आणि नायकाच्या पोंचोखाली लोखंडी पत्रा दडवावा लागला. गोळ्या झेलून पुन्हा पुन्हा उठणारा तो माणूस, छातीवरचा पत्रा दिसण्याआधीचे ते अर्धे मिनिट, हे 'योजिम्बो'त नाही. उचललेली कथा जिथे बसेना तिथेच लिओने दिसतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पाचशे चित्रपटांतले आज दहा-वीस आठवायचे आणि त्यांवरून सगळ्या ढिगाऱ्याचे गुणगान करायचे, हे निवडून पुरावा देणे झाले. खरे आहे, बहुतेक चित्रपट टाकाऊ होते. 'जँगो' चालल्यावर ज्यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही अशा चित्रपटांनाही वितरकांनी 'जँगो' नाव चिकटवले. क्रौर्यही नुसते शैलीचे नव्हते. 'जँगो'ला ब्रिटनच्या सेन्सॉरने १९९३ पर्यंत प्रमाणपत्र दिले नाही. जाल्लोंत बायकांचे खून ज्या चवीने चित्रित होतात ते पाहताना किळस यावी, आणि काउबॉयपटांत रंग फासलेले युरोपीय नट मेक्सिकन म्हणून दात विचकतात, त्याचीही सफाई देता येत नाही. पण माझा मुद्दा ढिगारा चांगला होता असा नाही. ढिगाऱ्यातून जे उगवले ते कशामुळे उगवले, एवढाच प्रश्न आहे. टाकाऊ चित्रपट टाकाऊ आहेत ते नक्कल केल्यामुळे नव्हे. त्यांची नक्कल गुळगुळीत झाली म्हणून. 'जँगो'चा चिखल आणि शवपेटी तयार साच्यासारखी मिळाल्यावर कुणाला काही शोधावे लागले नाही.

तिसरा आक्षेप विचारात पाडणारा आहे. गरिबीचे असे उदात्तीकरण कशाला? पैशांची चणचण जगभरच्या निर्मात्यांना होती, मग सगळीकडे लिओने का निपजले नाहीत? उत्तर असे, की उणीव एकटी काही करत नाही. चिनेचित्ताच्या कारागिरांना 'बेन-हर'च्या आकाराचे काम ठाऊक होते. बाव्हा हा मुरलेला छायाचित्रकार होता, हर्क्युलिसपट त्याच्याच कॅमेऱ्यातून उतरला होता. लिओने वर्षानुवर्षे दुसऱ्यांचा सहायक होता. मोरिकोनेला संगीतरचनेचे शास्त्र येत होते. कमावलेला हात आणि अपुरे साहित्य यांची गाठ पडावी लागते, शिवाय रोज तिकीट काढणारा, कंटाळला तर मोठ्याने बोलू लागणारा प्रेक्षक समोर लागतो. यातले एक जरी नसेल तर चणचणीतून फक्त वाईट सिनेमा निघतो. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ला अमेरिकन पैसा मिळाला, हेन्री फोंडा मिळाला, खुद्द मॉन्युमेंट व्हॅली मिळाली, तरी तो थोर झालाच ना, असेही विचारता येईल. झाला; पण त्याची भाषा तोवर घडून चुकली होती. ती घडली तेव्हा खिसा रिकामा होता.

हात, साहित्य आणि प्रेक्षक यांची ही गाठ सुटली तेव्हा शीरही आटली. १९७० मध्ये टेरेन्स हिल आणि बड स्पेन्सर या जोडीचा 'दे कॉल मी ट्रिनिटी' आला. हीही दोन्ही नावे खोटीच, मूळचे मारिओ जिरोत्ती आणि कार्लो पेदेर्सोली. स्पेन्सर तर इटलीचा ऑलिंपिक जलतरणपटू. त्यांनी गोळ्यांऐवजी थपडा आणल्या, सूडाऐवजी कढईभर उसळ आणली, आणि प्रेक्षक पोट धरून हसला. ज्याची टिंगल इतकी चालते त्याकडे पुन्हा गंभीरपणे बघणे कठीण जाते. मग १९७६ मध्ये इटलीच्या घटनात्मक न्यायालयाने खासगी स्थानिक टीव्हीला वाट मोकळी केली. घरबसल्या दिवसभर सिनेमे दिसू लागले आणि तिसऱ्या दर्जाची थिएटरे एकेक करून बंद पडली. रोज नवे मागणारा माणूसच उठून गेल्यावर खणणार कुणासाठी?

तोवर ही भाषा आपल्याकडे पोचली होती. 'शोले' (१९७५) वर इटालियन काउबॉयपटांची छाया आहे हे जगजाहीर आहे. ठाकुराच्या कुटुंबाचे हत्याकांड 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधल्या हत्याकांडाची आठवण करून देते, आणि जयच्या ओठांवरचा माउथ ऑर्गनही त्या चित्रपटातल्या नायकाच्या हार्मोनिकाचा भाऊबंद आहे. पण लिओनेचा निर्विकार एकलकोंडा नायक सलीम-जावेद यांना पेलला नाही, कारण आपला प्रेक्षक तो मान्य करणार नव्हता. त्याच्या जागी दोन जिवलग आले, त्यांची दोस्ती आली, गाणी आली, मावशी आली, विधवा सून आली आणि विजू खोटे यांचा घाबरलेला कालिया आला. रामगढ टेक्साससारखे दिसेना म्हणून ते रामगढ झाले. मुंबईच्या मिनर्व्हा थिएटरात तो पाच वर्षे चालला तो या बेरजेमुळे, उसनवारीमुळे नव्हे.

स्पेनच्या बुर्गोस प्रांतात 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'च्या शेवटासाठी एक दफनभूमी उभारली होती. मधोमध दगडी फरसबंदीचे वर्तुळ, भोवती हजारो थडगी, आणि त्यांपैकी एकाखालीही कुणी पुरलेले नव्हते. हे काम स्पॅनिश सैनिकांकडून करून घेतले होते. याच चित्रपटातला पूलही सैन्यानेच उडवला, आणि तो कॅमेरे सुरू होण्याआधीच उडाल्यामुळे पुन्हा बांधून पुन्हा उडवावा लागला. चित्रीकरण संपल्यावर दफनभूमीवर माती साचली, गवत वाढले, गुरे चरू लागली. २०१५ पासून स्वयंसेवकांची एक संघटना सुट्टीच्या दिवशी कुदळी-फावडी घेऊन तिथे जाऊ लागली. त्यांनी माती उपसून दगडी वर्तुळ उघडे केले आणि थडगी पुन्हा रचली. देणगी देणाऱ्यांची नावे आता तिथल्या क्रूसांवर लिहिलेली आहेत.